आधी वीज तपासा, मग यंत्र बदला
शेतीतील स्वयंचलित नियंत्रक आणि दुर्लक्षित वीजपुरवठा

ठिबक सिंचनाचे वेळापत्रक पाळणारा नियंत्रक, हरितगृहातील फॉगर चालू-बंद करणारी पेटी, मोबाइलवरून पंप सुरू करणारा स्टार्टर, बांधावरचे छोटे हवामान केंद्र, कोळंबीच्या तळ्यातील एरेटरवर लक्ष ठेवणारी यंत्रणा ही सारी साधने आता केवळ संशोधन प्रक्षेत्रांपुरती राहिलेली नाहीत. नाशिकच्या द्राक्षबागांपासून गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील मत्स्यतळ्यांपर्यंत आणि पंजाबच्या कूपनलिकांपासून हिमाचलच्या फळबागांपर्यंत ती पोहोचली आहेत. बाह्यरूप निराळे असले, तरी या साधनांच्या पोटात बहुधा एकच वस्तू असते. ती म्हणजे मायक्रोकंट्रोलर, नखाएवढ्या चिपमध्ये सामावलेला एक छोटा संगणक.

या साधनांविषयीच्या तक्रारीही सर्वत्र सारख्याच आढळतात. यंत्र मध्येच बंद पडते, आपोआप पुन्हा सुरू होते, रिले विनाकारण वाजतो, पाऊस पडून गेल्यावरही जमीन कोरडी असल्याचे दाखवले जाते, साठवलेली मर्यादा एके दिवशी बदललेली दिसते. आणि एकदा बंद करून पुन्हा चालू केले की काही काळ सारे सुरळीत चालते. अशा वेळी प्रथम संवेदक बदलला जातो, मग आज्ञावली नव्याने भरली जाते आणि शेवटी संपूर्ण बोर्ड बदलला जातो. पंधरा दिवसांत तीच तक्रार पुन्हा येते. अखेर यंत्र पंपघराच्या भिंतीवर धूळ खात पडते आणि ‘ही तंत्रे आपल्या शेतात चालायची नाहीत’ असा समज गावात पक्का होतो.

या क्रमात जी गोष्ट सर्वांत शेवटी तपासली जाते, किंवा तपासलीच जात नाही, ती सर्वप्रथम तपासली गेली पाहिजे. ती म्हणजे चिपपर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारी वीज. अनियमितपणे वागणाऱ्या नियंत्रकाच्या बाबतीत वीजपुरवठा निर्दोष असल्याचे सिद्ध होईपर्यंत संशय त्याच्यावरच ठेवावा, हे सूत्र विस्तार यंत्रणेने स्वीकारणे आवश्यक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वीजपुरवठा हा यंत्राबाहेरचा विषय नसून यंत्राचाच एक भाग आहे, असे मानून खरेदीचे आणि प्रात्यक्षिकाचे निकष बदलले पाहिजेत.

बंदही नाही आणि शुद्धीवरही नाही

बल्बला दाब कमी मिळाला तर तो मंद जळतो आणि ते डोळ्यांना दिसते. मायक्रोकंट्रोलरचे तसे नसते. त्याला ठरावीक वेगाने हिशेब करायचा असतो आणि त्या वेगासाठी किमान व्होल्टेज लागते. आर्डुइनो उनो या सर्वपरिचित बोर्डावरील एटीमेगा ३२८पी ही चिप उदाहरणादाखल घेता येईल. तिच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेनुसार १० मेगाहर्ट्झ वेगासाठी किमान २.७ व्होल्ट आणि २० मेगाहर्ट्झसाठी किमान ४.५ व्होल्ट लागतात. या बोर्डावर ती १६ मेगाहर्ट्झने चालते; म्हणजे तिला साधारण ३.८ व्होल्टच्या वर राहणे भाग असते. व्होल्टेज धोक्याच्या खाली गेल्यास चिपला थांबवून ठेवणारी ‘ब्राउनआउट’ संरक्षण सोय तिच्यात असते. परंतु या बोर्डावर ती सामान्यतः २.७ व्होल्टवर बसवलेली असते.

या दोन आकड्यांमधील पट्टा हेच अनेक गूढ तक्रारींचे उगमस्थान आहे. ३.८ आणि २.७ व्होल्टच्या दरम्यान चिप बंदही पडत नाही आणि तिच्या हिशेबाची हमीही राहत नाही. ती एखादी आज्ञा चुकीची वाचू शकते, भलत्याच ठिकाणी उडी मारू शकते किंवा स्थायी स्मृतीत चुकीचा आकडा लिहू शकते. वीज जाताना व्होल्टेज हळूहळू उतरत असेल, तर स्थायी स्मृतीतील माहिती बिघडू शकते, असा इशारा चिपच्या माहितीपत्रकातच दिलेला असतो. खतमात्रेची ठरवलेली सामू-मर्यादा किंवा ओलाव्याचे अंशांकन रातोरात बदलल्याचे दिसते, तेव्हा कोणी खोडसाळपणा केला असेलच असे नाही. अशा वेळी विजेची ती उतरण तपासावी.

बिनतारी संपर्क असलेल्या साधनांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ईएसपी ३२ सारख्या वाय-फाय चिपला ३.० ते ३.६ व्होल्ट एवढ्याच अरुंद पट्ट्यात राहायचे असते आणि संदेश पाठवताना तिचा विद्युतप्रवाह क्षणार्धात कित्येक पटींनी वाढतो. सिम कार्डावर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या जीएसएम मॉड्यूलची मागणी त्याहून मोठी असते. सिम ८००एल या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि संदेशाच्या झटक्यात ते २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकते. पुरवठा एवढा झटका सोसणारा नसेल, तर मॉड्यूल नेमके संदेश पाठवण्याच्या क्षणीच बंद पडते. शेतकऱ्याला वाटते की मोबाइलला रेंज नाही. वास्तविक रेंज जितकी कमी, तितक्या अधिक शक्तीने मॉड्यूलला प्रक्षेपण करावे लागते आणि तितका अधिक ताण पुरवठ्यावर येतो. त्यामुळे दूरच्या शेतात हा दोष प्रथम उघडा पडतो.

जमीन ओली, आकडा कोरडा

यंत्र बंद पडणे हा तुलनेने सौम्य दोष म्हणावा लागेल, कारण तो निदान लक्षात तरी येतो. यंत्र चालू राहून चुकीचा आकडा देते, तेव्हा हानी अधिक होते. बहुतेक साध्या नियंत्रकांत संवेदकाचे व्होल्टेज चिपच्या स्वतःच्या पुरवठ्याशी ताडून मोजले जाते. पुरवठा नेमका ५ व्होल्ट आहे असे गृहीत धरून ० ते १०२३ या मापपट्टीवर आकडा काढला जातो. संवेदकाकडून २ व्होल्टचा संकेत आला, तर हा आकडा सुमारे ४०९ येतो. पण पुरवठा ४.५ व्होल्टवर घसरला असेल आणि संवेदकाचा संकेत मात्र स्थिर असेल, तर तोच आकडा ४५५ होतो. जमिनीत काहीही बदल झालेला नसतो. बदललेली असते ती मोजपट्टी.

कपॅसिटिव्ह प्रकारच्या अनेक स्वस्त ओलावा-संवेदकांत संकेत जितका जास्त, तितकी जमीन कोरडी असा संबंध असतो. अशा संवेदकावर स्वतःचा रेग्युलेटर असल्यास त्याचा संकेत स्थिर राहतो, चिपचा पुरवठा मात्र घसरतो. परिणामी यंत्राला जमीन आहे त्यापेक्षा कोरडी भासते आणि ते पाणी सोडते. पाणी सोडण्यासाठी रिले ओढला जातो, रिलेच्या भारामुळे व्होल्टेज आणखी घसरते, आकडा आणखी कोरडा होतो आणि पाणी बंद करण्याची मर्यादा लांबतच जाते. शेतकऱ्याला केवळ एवढेच दिसते की यंत्र गरजेपेक्षा जास्त पाणी देते. पाणी वाचवण्यासाठी बसवलेले साधन अशा रीतीने पाण्याची नासाडी करू लागते.

हा प्रश्न एका शेतापुरता मर्यादित नाही. प्रात्यक्षिक प्रक्षेत्रांवरील नोंदी पुढे शिफारशींचा आधार बनतात. ओलाव्याच्या आलेखातील चढउतार मातीचे आहेत की अ‍ॅडॉप्टरचे, हे सांगता येत नसेल, तर त्या आलेखावर उभी राहणारी शिफारसही तितकीच डळमळीत असते.

ग्रामीण विजेचे वास्तव

शहरातील प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने निर्धोक चालणारे यंत्र शेतात आठ दिवसांत का बिघडते, याचे उत्तर पुरवठ्याच्या परिस्थितीत आहे. थेट स्टार्टरने सुरू होणारी मोटर आरंभी आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहा पटींच्या आसपास प्रवाह ओढते. एका रोहित्रावर अनेक पंप असतील आणि शेतीचा पुरवठा परत येताच स्वयंचलित स्टार्टरमुळे ते एकाच वेळी सुरू होत असतील, तर त्या क्षणी दाब खोलवर कोसळतो. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज देण्यास सुरुवात झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी स्वयंचलित स्टार्टर काढून टाकावेत यासाठी शासनाला मोहीम राबवावी लागली होती. मायक्रोकंट्रोलरच्या दृष्टीने हा क्षण सर्वांत वाईट असतो. वीज नुकतीच आलेली असते, चिप जागी होत असते, जीएसएम मॉड्यूल मोबाइलचा मनोरा शोधत असते आणि त्याच वेळी पायाखालचा पुरवठा हलत असतो.

रात्री भार कमी झाल्यावर याच वाहिनीवर दाब वाढतो. न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर २३० व्होल्टच्या उपकरणाला ४०० व्होल्टच्या दिशेने चढत जाणारा दाब सोसावा लागू शकतो. त्यानंतर अ‍ॅडॉप्टर जळाला नाही, तरी त्याच्या आतील कपॅसिटर दुर्बल होतात. तो मोजताना ठीक दिसतो आणि भार पडताच कोलमडतो.

सौर पुरवठ्याने हा प्रश्न सुटतो, असा समज आहे. तो अंशतःच खरा आहे. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि बिहारच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत दिवसेंदिवस दाट धुके असते. कोकणात आणि केरळात पावसाळ्यात सूर्यदर्शन दुर्मीळ होते. त्या काळात लहान पॅनेल बॅटरी पुरती भरू शकत नाही आणि पहाटे, म्हणजे बॅटरी सर्वांत खाली असताना, यंत्र बंद पडते. बटाट्यावरील उशिराचा करपा आणि द्राक्षावरील केवडा यांना पोषक असणारे ओलसर, ढगाळ दिवसही नेमके हेच असतात. ज्या दिवसांच्या नोंदींसाठी हवामान केंद्र उभारले, त्याच दिवसांच्या नोंदी गहाळ होतात. याउलट, भर उन्हात बॅटरीची तार सैल झाली, तर ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅनेलचे सुमारे २१ व्होल्ट काही स्वस्त चार्ज नियंत्रकांतून थेट बोर्डापर्यंत पोहोचू शकतात. स्वस्त बोर्डांवर सर्रास आढळणाऱ्या एएमएस १११७ या रेग्युलेटरची कमाल मर्यादा १५ व्होल्ट असते.

बिघाडाची वेळ विचारावी

विस्तार कार्यकर्त्याजवळ महागडे उपकरण नसले, तरी एक प्रश्न असतोच: बिघाड केव्हा होतो? बिघाडाची वेळ हे निदानाचे पहिले आणि विनामूल्य साधन आहे.

पंप सुरू होताना किंवा बंद होताना बिघाड होत असेल, तर वाहिनीवरील दाबाची घसरण किंवा कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून उसळणारा विद्युतधक्का संभवतो. संदेश पाठवताना होत असेल, तर जीएसएम किंवा वाय-फायचा झटका पुरवठ्याला पेलत नाही. एक व्हॉल्व्ह उघडल्यावर सारे ठीक, पण तीन व्हॉल्व्ह एकत्र उघडल्यावर गोंधळ, असे असेल तर रिलेंचा एकत्रित भार तपासावा. ५ व्होल्टचा एक सामान्य रिले सुमारे ७० मिलिअँपिअर ओढतो. आठ रिले मिळून ५५० मिलिअँपिअरच्या वर जातात आणि चिपचा वाटा त्याहून निराळा. पहाटे बिघाड होत असेल तर बॅटरी पाहावी. भर दुपारी होत असेल तर रेग्युलेटरचे तापणे पाहावे. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा ७८०५ रेग्युलेटर अर्धा अँपिअर देताना साडेतीन वॅट उष्णता बाहेर टाकतो. बंद पेटीत, मे महिन्याच्या उन्हात, तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो.

प्रत्येक दोष विजेचाच असतो, असे मात्र नाही आणि तसा आग्रह धरणेही चुकीचे ठरेल. यंत्र दर वेळी सुरू केल्यापासून सुमारे ४९ दिवस १७ तासांनीच अडकत असेल, तर तो आज्ञावलीतील दोष समजावा. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक त्या वेळी भरून पुन्हा शून्यावर येतो. केवळ पावसानंतर एकाच संवेदकाचा आकडा बिघडत असेल, तर त्या संवेदकात पाणी शिरले असण्याची शक्यता अधिक. वीज गेल्यावर फक्त घड्याळ चुकत असेल, तर घड्याळ चिपजवळचा ३ व्होल्टचा नाणेवजा सेल बदलावा. नियमितपणे, एकाच ठिकाणी आणि एकाच प्रकारे होणारा दोष आज्ञावलीकडे किंवा सुट्या भागाकडे बोट दाखवतो. भारानुसार, हवामानानुसार आणि वेळेनुसार बदलणारा दोष विजेकडे.

मोजमाप चिपजवळ आणि भार असताना

वेळेवरून संशय निर्माण झाला की मोजमाप करावे. येथे दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे अ‍ॅडॉप्टरच्या टोकाशी मोजणे. अ‍ॅडॉप्टर पंपघरात आणि बोर्ड ३० मीटर दूर असेल, तर जाण्यायेण्याची मिळून ६० मीटर तार होते. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचीक तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ३९ ओहम असतो; म्हणजे या अंतरासाठी सुमारे २.३ ओहम. अर्ध्या अँपिअरच्या प्रवाहाला वाटेतच सुमारे १.२ व्होल्ट गळतात आणि अ‍ॅडॉप्टरपाशी ५ असलेले व्होल्टेज बोर्डापाशी ३.८ उरते. गंजलेले टर्मिनल, पिळून जोडलेली तार, मुंग्यांनी भरलेला सॉकेट हे त्यात आणखी भर घालतात. म्हणून मोजमाप बोर्डाच्या पिनांवरच केले पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे भार नसताना मोजणे. सर्व रिले बंद आणि मॉड्यूल शांत असताना दिसणारे ५.० व्होल्ट काहीही सिद्ध करत नाहीत. एकेक रिले ओढत, संदेश पाठवत, शेजारचा पंप सुरू करत आकडा पाहावा. मल्टीमीटरवर किमान मूल्य धरून ठेवण्याची सोय असल्यास ती वापरावी. तरीही मल्टीमीटरची मर्यादा ध्यानात ठेवावी: जीएसएमचा झटका दर ४.६ मिलिसेकंदाला येतो आणि जेमतेम ०.५८ मिलिसेकंद टिकतो. साधा मल्टीमीटर सरासरी दाखवतो. एवढी अरुंद दरी त्याला दिसत नाही. त्यामुळे मल्टीमीटरने दोष दाखवला तर तो मान्य करावा, पण दाखवला नाही म्हणून पुरवठ्याला निर्दोष ठरवू नये. जवळच्या तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑसिलोस्कोप असतो. वारंवार येणाऱ्या तक्रारींसाठी त्यांच्याशी संबंध जोडणे कृषी विज्ञान केंद्रांना अवघड नाही.

सर्वांत विश्वासार्ह कसोटी मात्र अदलाबदलीची आहे. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी आणि पुरेशा क्षमतेचा डीसी-डीसी कन्व्हर्टर बोर्डाजवळ आखूड तारांनी जोडून यंत्र दोन-तीन दिवस चालवावे. तक्रार थांबली, तर मूळ पुरवठा दोषी. या कसोटीसाठी मोबाइलची पॉवर बँक वापरताना काळजी घ्यावी. भार फार कमी असल्यास अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात आणि नसलेला दोष निर्माण करतात. बॅटरीवरही बिघाड होत राहिला, तर रिलेच्या संपर्कांना जोडलेले व्हॉल्व्ह आणि कॉन्टॅक्टर सोडवून रिले नुसतेच चालवून पाहावेत. आता दोष गेला, तर तो कॉइलच्या विद्युतधक्क्याचा समजावा. तरीही राहिला, तरच संवेदक आणि आज्ञावली यांच्याकडे वळावे.

ही सर्व तपासणी ५ ते १२ व्होल्टच्या बाजूची आहे. २३० किंवा ४०० व्होल्टच्या बाजूला हात घालण्याचे काम परवानाधारक वीजतंत्रीचेच आहे. पंपघरातील ओल्या जमिनीवर हा नियम मोडल्यास जिवावर बेतू शकते.

उपाय साधे आहेत, क्रम महत्त्वाचा

उपाययोजना खर्चिक नसते. बोर्ड दूर असेल तर ५ व्होल्ट लांब नेऊ नयेत. १२ किंवा २४ व्होल्ट न्यावेत आणि बोर्डाजवळ त्यांचे ५ व्होल्ट करावेत. वरील उदाहरणातील तोच अडीच वॅटचा भार १२ व्होल्टवर नेल्यास प्रवाह सुमारे ०.२ अँपिअर होतो, तारेतील गळती अर्ध्या व्होल्टवर येते आणि उरलेल्या साडेअकरा व्होल्टांतून कन्व्हर्टर स्थिर ५ व्होल्ट देतो. तार तीच राहते, दोष मात्र नाहीसा होतो.

चिपचा पुरवठा आणि रिलेचा पुरवठा वेगळे ठेवावेत. चिपच्या प्रत्येक पुरवठा-पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जीएसएम मॉड्यूलच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर असावा. या वस्तू काही रुपयांच्या असतात, पण मोठा कपॅसिटर जोडताना धन-ऋण टोके उलटी होऊ देऊ नयेत. डीसी कॉइलवर उलट दिशेचा डायोड आणि एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर त्यासाठीचा स्नबर बसवावा. ब्राउनआउट संरक्षण चिपच्या वेगाला साजेशा पातळीवर आणावे. ५ व्होल्टवर १६ मेगाहर्ट्झने चालणाऱ्या एटीमेगा ३२८पीसाठी ४.३ व्होल्टची पातळी उपलब्ध आहे. त्यामुळे दाब घसरल्यास यंत्र भरकटण्याऐवजी थांबते आणि थांबलेले यंत्र भरकटलेल्या यंत्रापेक्षा केव्हाही बरे. वीज परत आल्यावर पंप लगेच सुरू न करता काही मिनिटे थांबण्याची, आणि ही प्रतीक्षा प्रत्येक यंत्रात वेगवेगळी ठेवण्याची आज्ञा घातल्यास संपूर्ण वाहिनीचेच भले होते.

बॅटरीवर चालणाऱ्या व्हॉल्व्हबाबत विशेष दक्षता हवी. त्यांतील लॅचिंग सोलेनॉइड एका स्पंदाने उघडते आणि उलट स्पंदाने बंद होते. मधल्या काळात त्याला वीज लागत नाही. उघडल्यानंतर बॅटरी क्षीण झाली, तर बंद करणारा स्पंद दुर्बल ठरतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. म्हणून बंद करण्यापुरती ऊर्जा शिल्लक असल्याची खात्री करूनच उघडण्याची आज्ञा दिली जाईल, अशी रचना पुरवठादाराकडून मागून घ्यावी.

जबाबदारी कोणाची

येथवरचा भाग तंत्राचा झाला. खरा मतभेद जबाबदारीविषयी आहे. उत्पादक म्हणतात की यंत्र उत्तम आहे, गावातील वीज खराब आहे. वीज वितरण यंत्रणा म्हणते की वाहिनीवरचा भार वाढला आहे. विक्रेता म्हणतो की शेतकऱ्याने अ‍ॅडॉप्टर बदलला. या टोलवाटोलवीत नुकसान शेतकऱ्याचे होते आणि विश्वासार्हता मात्र विस्तार कार्यकर्त्याची जाते, कारण यंत्राची शिफारस त्याने केलेली असते.

ग्रामीण विजेतील चढउतार ही काही अकल्पित आपत्ती नाही. ती सर्वज्ञात परिस्थिती आहे. पाण्यात वापरायचे यंत्र पाण्याने बिघडले, तर दोष पाण्याला दिला जात नाही; त्याच न्यायाने शेतात वापरायच्या यंत्राने शेतातील वीज सोसलीच पाहिजे. देशात ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशातील बुदनीच्या संस्थेत होते, त्याचे अहवाल उपलब्ध असतात आणि खरेदीदार ते मागतो. सिंचन नियंत्रकाच्या बाबतीतही विजेच्या कसोटीचा पुरावा मागण्याची प्रथा पडली पाहिजे. त्यासाठी मानके नव्याने घडवण्याची गरज नाही. दाबातील घसरण व अल्प खंड यांसाठी आयईसी ६१०००-४-११, जलद विद्युतधक्क्यांसाठी ६१०००-४-४ आणि लाट-आघातासाठी ६१०००-४-५ ही आंतरराष्ट्रीय मानके अस्तित्वात आहेत. शासकीय निधीतून होणाऱ्या खरेदीच्या अटींत त्यांचा उल्लेख झाला, तर बाजार आपोआप त्या दिशेने वळेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. कसोट्या आणि अधिक चांगला पुरवठा यांमुळे यंत्राची किंमत वाढेल व अल्पभूधारक त्यापासून वंचित राहील, असे म्हटले जाते. स्थानिक तरुण आणि विद्यार्थी स्वस्तात नियंत्रक घडवत आहेत, त्यांना या अटी जाचक ठरतील, अशीही भीती व्यक्त होते. खर्चाचा मुद्दा खरा आहे. परंतु स्वस्त यंत्राची किंमत बिलावर संपत नाही. वारंवार बोलवावा लागणारा तंत्रज्ञ, वाया गेलेले पाणी, चुकीने दिलेले खत आणि एका रात्री एरेटर बंद राहिल्याने मेलेली कोळंबी हे सारे त्याच किमतीत मोडते. मोठा बागायतदार एक यंत्र टाकून दुसरे घेऊ शकतो. अल्पभूधारकाला ती दुसरी संधी नसते. म्हणून भक्कम पुरवठ्याची गरज त्यालाच सर्वाधिक आहे. स्थानिक निर्मात्यांसाठी महागड्या प्रमाणपत्राऐवजी कृषी विज्ञान केंद्राच्या पंपघरात, शेजारी मोटर चालू-बंद होत असताना, ठरावीक दिवस यंत्र चालवून दाखवण्याची साधी कसोटी ठेवता येईल. चांगले यंत्र अशा कसोटीला भीत नाही.

व्होल्टेजचा एक रकाना

सर्व सूचनांतून एकच निवडायची झाली, तर ती पुढीलप्रमाणे असावी: प्रत्येक यंत्राने आपल्या इतर नोंदींबरोबर स्वतःच्या पुरवठ्याचे व्होल्टेज आणि शेवटच्या पुनरारंभाचे कारण नोंदवावे. यासाठी सहसा वेगळा भाग विकत घ्यावा लागत नाही. एटीमेगा ३२८पीमध्ये सुमारे १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असतो. त्याच्याशी ताडून चिप स्वतःचे पुरवठा-व्होल्टेज मोजू शकते. पुनरारंभ वीज आल्यामुळे झाला, दाब घसरल्यामुळे झाला की आज्ञावली अडकल्यामुळे झाला, याची खूणही तिच्यात उमटते. ईएसपी ३२ मध्येही अशी नोंद वाचता येते. ही माहिती चिपजवळ असतेच. ती कोणी विचारत नाही एवढेच.

ओलाव्याच्या आकड्याशेजारी व्होल्टेजचा रकाना आला की अनेक वाद आपोआप मिटतील. आकडा मातीमुळे बदलला की पुरवठ्यामुळे, हे शेतकऱ्याला मोबाइलवरच दिसेल. विक्रेत्याला ‘तुमची वीज खराब’ असे मोघम म्हणता येणार नाही आणि शेतकऱ्यालाही प्रत्येक दोष यंत्रावर ढकलता येणार नाही. संशोधकाला कोणत्या नोंदी वगळायच्या ते कळेल आणि वितरण यंत्रणेपुढे तक्रार मांडताना गावाजवळ तारीखवार पुरावा असेल.

देशात ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रात किमान मूल्य धरणारा एक मल्टीमीटर, एक भरलेली बॅटरी, एक खात्रीचा कन्व्हर्टर आणि बिघाडाची वेळ लिहिण्याची एक वही एवढी सामग्री ठेवणे कोणत्याही अंदाजपत्रकाला जड नाही. येत्या हंगामाच्या प्रशिक्षणात संवेदकांच्या नव्या जाती दाखवण्यापूर्वी अर्धा दिवस पुरवठ्याच्या तपासणीला द्यावा आणि नव्या खरेदीच्या मागणीपत्रात व्होल्टेजच्या नोंदीची अट घालावी. ज्या केंद्रांच्या कपाटात ‘बिघडलेले’ नियंत्रक पडून आहेत, त्यांनी ते भंगारात काढण्यापूर्वी एकदा चांगल्या बॅटरीवर चालवून पाहावेत.